नंतररावांनी पुसलेले मेल

आमच्या घरात भांडणं लिहून करतात. हसू नका, खरंच सांगते. माझे सासरे आयुष्यभर न्यायालयात लघुलेखक होते. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं टिपून घ्यायची, आणि घरी आल्यावर कोणाचा आवाज जरा चढला की त्यांना कापरं भरायचं. "ओरडायचं नाही. काय ते लिहा," म्हणायचे. आधी चिठ्ठ्या होत्या. मग कॉम्प्युटर आला, तो जिन्याखालच्या खोलीत बसला, आणि अख्ख्या घराला मिळून मेलचा एकच पत्ता झाला. खाली आम्ही, वर धाकटा दीर आणि जाऊ. वरच्यांना आमच्याशी वाद घालायचा असला की त्यांनी खाली यायचं, खुर्चीत बसायचं, घरच्या पत्त्यावरून घरच्याच पत्त्यावर मेल टाकायचा आणि मुकाट्याने वर जायचं. मग आम्ही त्याच खुर्चीत बसून तो वाचायचा. विषयाच्या जागी नुसती दिशा, 'वरून खाली' किंवा 'खालून वर'. खाली सही वगैरे काही नाही. कोणी लिहिलंय ते दोन वाक्यांत कळायचंच.

हे सगळे मेल 'घर' नावाच्या एका फोल्डरमध्ये जमा व्हायचे. पाठवलेल्या मेलची वेगळी प्रत ठेवायची सोय सासऱ्यांनी बंद करून टाकली होती. दोन प्रती असल्या की दोन सत्यं होतात, असं त्यांचं म्हणणं. प्रिंटर तर कधीच मेला होता. म्हणजे आमच्या घराचा सगळा शब्द काय तो त्या एका पेटीत होता.

माझ्या दिराला घरात नंतरराव म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही, त्याच्या आईने ठेवलं होतं, मी फक्त जपलं. नळ गळतोय, नंतर बघू. बिल भरायचंय, नंतर भरू. बाबांना डॉक्टरकडे न्यायचंय, नंतर नेऊ. पण खुर्चीत बसून दुसऱ्याला टोमणा लिहायचा असला की स्वारी कधी उशीर करायची नाही. 'वहिनींच्या मशीनच्या खडखडाटाने वर झोप लागत नाही.' 'वहिनींच्या तेलाचा वास जिन्यापर्यंत येतो.' मी शिलाई मशीन दुरुस्त करते. मागच्या खोलीत माझं काम चालतं, तिला स्वतंत्र दार आहे, उजेड चांगला आहे. शिंपिणी, कारखानेवाले, शाळावाले, सगळे त्या दाराने येतात. त्या खोलीवर माझं पोट आहे आणि पोटापेक्षा जास्त काहीतरी आहे.

सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा नंतररावांनी एक मेल टाकला होता. 'बाबांचं सगळं वहिनी बघणार असतील तर मागची खोली कायमची वहिनींची. आमचा त्यावर कधीही हक्क नाही.' मी काही मागितलं नव्हतं. त्यांनीच आपणहून लिहिलं. मला नवल वाटलं, आनंद झाला आणि मी त्याच संध्याकाळी आभाराचे चार शब्द परत लिहिले.

मग मी बाबांचं केलं. कसं केलं त्याचा पाढा वाचत नाही. एवढंच सांगते की ते शेवटी शेवटी चाकाच्या खुर्चीत माझ्या खोलीत येऊन बसायचे. मांडीवर स्क्रूची वाटी, डोळे मिटलेले. मी मशीन फिरवलं की कान टवकारायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, दाते घासतायत हिचे." लघुलेखकाचे कान. एकदाही चुकले नाहीत.

ते गेले आणि पंधरवडाही उलटला नसेल, तोच नंतरराव खाली आले. चक्क तोंडाने बोलले.

"वहिनी, मागची खोली रिकामी करून द्याल का? मी चालायचं मशीन मागवलंय. वर मावत नाही."

"कसलं मशीन?"

"व्यायामाचं हो. पट्टा फिरतो, आपण जागच्या जागी चालायचं."

ज्या माणसाने कधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जायचा विचार केला नाही, त्याला जागच्या जागी चालायला माझी खोली हवी होती. मी त्यांना त्यांच्या मेलची आठवण करून दिली. त्यांनी भुवया अशा उंचावल्या, जसं काही मी परक्याचं नाव घेतलं.

"असं मी लिहीन का कधी? तुमचा काहीतरी गैरसमज झालाय."

घर आत्याबाईंच्या नावावर आहे. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. घर त्यांनी घेतलं, भावाला राहायला दिलं आणि स्वतः दुसऱ्या गावी राहिल्या. त्या म्हणतील तसं व्हायचं, ही घरातली रीत. मी फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रविवारी येते. लेखी असेल ते दाखवा. तोंडी मी कोणाचंच ऐकणार नाही." भाऊ तशी बहीण.

मला काय, लेखी तर होतंच. मी खुर्चीत बसले आणि 'घर' उघडलं. फोल्डर रिकामं होतं. एक मेल नाही. कचऱ्याची पेटीही लख्ख धुतल्यासारखी. इतक्या वर्षांची भांडणं, समजुती, सगळं साफ.

मी जिन्यापाशी जाऊन हाक मारली. "भाऊजी, जरा खाली येता का?"

वरून उत्तर आलं, "का, मेल गेले की काय?"

चोराच्या मनात चांदणं! मी मेलचा 'म' सुद्धा काढला नव्हता. ते खाली आले, पडद्यावर नजर टाकली आणि मान हलवली. "जुना झालाय कॉम्प्युटर. असं होतं, वहिनी. आता ते काही परत यायचे नाहीत." आणि हसले. तोंड मिटून, गालातल्या गालात. त्या हसण्यापायी मी पुढचं सगळं केलं, हे मी कबूल करते. खोली तर मला हवीच होती. पण त्या क्षणापासून मला ते हसू हवं होतं. आत्याबाईंच्या समोर, भर उजेडात, ते त्यांच्या तोंडावरून खरवडून काढायचं होतं.

ह्यांना सांगितलं. हे म्हणजे माझा नवरा. भिडस्त, सरळमार्गी माणूस, असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणायची. हे चहाच्या कपात बघत म्हणाले, "जाऊ दे ना. एका खोलीसाठी कशाला भावाभावांत वैर? तू दुसरीकडे कुठंतरी गाळा बघ."

"गाळा बघायचा त्यांनी. मी मेल परत आणणार."

"पुसलेले कसे येतील?"

"बघू."

माझ्याकडे एक बाई शिवणाचं मशीन दुरुस्तीला देते. तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी तिच्या मशीनचं शटल बदलून देते, ती माझी नड भागवते. तिला फोन लावला. तिने पहिल्यांदा विचारलं, "मेलचा प्रोग्राम चालू आहे का आत्ता?"

"चालू आहे."

"बंद करा. आधी बंद करा, मग बोला. त्याला काहीही विचारू देऊ नका आणि तुम्ही कशालाही हो म्हणू नका."

मी बंद केला. मग तिने समजावून सांगितलं ते असं. तुमच्या प्रोग्रामच्या लेखी एक फोल्डर म्हणजे एक लांबच लांब फाइल. सगळे मेल एकाखाली एक, एकाच कापडाच्या ताग्यासारखे. तुम्ही एखादा मेल पुसता तेव्हा तो कापून काढला जात नाही. त्याच्या माथ्यावर 'हा पुसलेला' अशी खूण होते आणि तो दिसेनासा होतो, एवढंच. खरं कापणं होतं ते नंतर, फाइल आवळताना. त्याआधी प्रोग्राम विचारतो, जागा मोकळी करू का? हो म्हटलंत की गेलं.

"विचारायचा कधी असं?" तिने विचारलं.

विचारायचा म्हणजे काय! आठवड्याआड चौकट यायची. दोन बटणं, 'हो' आणि 'नंतर'. कॉम्प्युटरचा कारभार सासऱ्यांनी धाकट्याकडे दिलेला, त्यामुळे चौकट ज्याला दिसेल त्याने जिन्यातून वर ओरडायचं नाही, पण जरा मोठ्याने विचारायचं, "हे जागा मोकळी करायचं आलंय, काय करू?" आणि वरून वर्षानुवर्षं एकच उत्तर, "नंतर करा." आम्ही सगळ्यांनी इमानाने 'नंतर' दाबलं होतं. आणि मला खात्री होती की परवा घाईघाईने सगळं पुसताना ती चौकट पुन्हा आली असणार, आणि त्या माणसाने सवयीने तेच केलं असणार.

"फाइल केवढी दिसतेय ते सांगा," बाई म्हणाली.

मी बघितलं. फोल्डर रिकामं, आणि फाइल ही एवढी जाडजूड. मी एकटीच त्या जिन्याखाली खदाखदा हसले. उभ्या जन्मात नंतरराव पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडले होते.

पुढचं काम माझ्या हाताच्या सवयीचंच होतं. मशीन उघडायचं तर आधी वीज बंद, आणि स्क्रू काढले त्या क्रमाने मांडून ठेवायचे. बाईनेही तेच सांगितलं. आधी फाइलची नक्कल पेनड्राइव्हवर, ती तशीच राहू द्यायची. मग दुसरी नक्कल काढून ती साध्या लिखाणाच्या प्रोग्राममध्ये उघडायची. उघडली तर नुसता अक्षरांचा कचरा, मराठीचा मागमूस नाही. मी घाबरले. ती म्हणाली, "कचरा नाही तो, बांधून ठेवलंय. मेलच्या आत गेलं की सुटेल. तुम्ही फक्त प्रत्येक मेलच्या माथ्यावरची खुणेची ओळ बघा. शेवटी नऊ दिसतोय? नऊ म्हणजे वाचलेला आणि पुसलेला. त्याचा एक करा. एक म्हणजे नुसता वाचलेला. मात्र तुम्हाला हवे तेवढेच बदला. तारखा बघून, एकेक करून."

एकेक! त्या ओळी शेकड्यांनी होत्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. सगळे नऊ एका झटक्यात बदलायची सोय त्या प्रोग्राममध्ये असते. मी सगळ्यांचा एकदम एक केला. फोनवर तिला सांगितलंही नाही. मग तिने सांगितलं तशी फोल्डरची जुनी सूची काढून टाकली, दुरुस्त फाइल जागेवर ठेवली आणि मेलचा प्रोग्राम उघडला.

आले! सरसर, सरसर, वरपासून खालपर्यंत पडदा भरून आले. 'वरून खाली', 'खालून वर', 'वरून खाली'. मी तारीख शोधली. होता. 'मागची खोली कायमची वहिनींची.' मी तो तीनदा वाचला आणि खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेतली.

रविवारपर्यंत मी नंतररावांना काही कळू दिलं नाही. उलट गोड झाले. जिन्यात भेटले तर विचारायची, "तब्येत बरी ना, भाऊजी?" त्यांचं ते चालायचं मशीन आलं, बोळात उभं राहिलं, मी त्यावरची धूळ पुसली. माझी हत्यारं मी खोक्यात भरायला घेतली, त्यांना दिसतील अशी. ते बघून त्यांचा चेहरा जो खुलायचा! खुलू दे, मी मनात म्हणायची. जेवढा वर चढशील तेवढा आपटशील. संध्याकाळी जाऊबाईही येऊन विचारून गेली की खोलीचा रंग कुठला द्यावा. मी म्हटलं, काळा द्या.

ह्यांनी मात्र एकदा विचारलं. "काही सापडलं का मेलचं?"

"सगळे आले."

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे. वाचायला वेळ कुठंय, पाहिजे होता तो मिळाला."

हे उठून आत गेले. रात्री जेवले नाहीत नीट. मला वाटलं भावाची काळजी वाटतेय, आणि त्याचाही मला राग आला.

आत्याबाई रविवारी आल्या. कोट काढून खुंटीला लावला, चहा नको म्हणाल्या आणि जिन्याखालच्या खोलीत खुर्ची घेऊन बसल्या. एका बाजूला नंतरराव आणि जाऊबाई, एका बाजूला हे. मी कॉम्प्युटरपुढे.

"धाकट्या, तू असं काही लिहिलं होतंस का?" आत्याबाईंनी विचारलं.

"छे, आत्या! वहिनी दमल्या आहेत. बाबांचं करून करून त्यांच्या डोक्यावर..."

"हो का नाही, एवढंच सांग."

"नाही."

मी फोल्डर उघडलं.

तो क्षण मला कोणी परत दिला तर मी पुन्हा घेईन. नंतररावांचं हसू आधी गालात अडकलं, मग खाली उतरलं, मग त्याला कुठं जावं कळेना. मी त्यांचा मेल मोठ्याने वाचला. सावकाश, शब्दाशब्दाला थांबत, बाबा टिपण वाचून दाखवायचे तसा. 'आमचा त्यावर कधीही हक्क नाही.' जाऊबाई नवऱ्याकडे बघायला लागली. तिला यातलं काही माहीत नसावं.

आत्याबाई म्हणाल्या, "झालं. कळलं मला."

इथे मी थांबायला हवं होतं. निकाल लागला होता. पण मला निकाल पुरत नव्हता. मला त्या माणसाची साल काढायची होती. मी म्हटलं, "नाही आत्याबाई, ऐकाच. तुमचा भाचा काय काय लिहितो ते ऐका." आणि मी मागे जाऊन एकेक काढला. तेलाचा वास. खडखडाट. बाबांना दवाखान्यात न्यायच्या दिवशी लिहिलेला 'आज मला जमणार नाही, नंतर बघू'. बाबांच्या औषधाची आठवण केली तर 'तुम्ही आहात ना'. नंतररावांचे कान लाल झाले होते. ते जमिनीकडे बघत होते आणि मला वाटत होतं की अजून, अजून खाली घाल ती मान.

"अगं, पुरे आता," हे म्हणाले. आवाज कोरडा होता.

"का पुरे? मला इतकी वर्षं पुरलं का?"

"तिला वाचू दे," आत्याबाई म्हणाल्या. "खोलीचा मेल आला, त्यावर पुढे काय झालं? तू काही उत्तर दिलंस?"

"दिलं ना. त्याच संध्याकाळी आभार मानले. माणुसकी म्हणून." मी पुन्हा त्या तारखेवर गेले. खाली 'खालून वर' असा मेल होता, त्याच संध्याकाळचा. माझाच. म्हणून तर मी तो आधी उघडूनही पाहिला नव्हता. आता उघडला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले.

"'खोलीचं लिहून दिलंस ते बरं केलंस. आता ही बाबांचं सगळं बघेल, आपल्याला बघावं लागणार नाही.'"

जीभ पुढे गेली होती. मन मागून धावत होतं. मी थांबले का नाही, मला माहीत नाही. समोर अक्षरं होती आणि मी ती त्याच चढ्या सुरात वाचत गेले.

"'बाबा आहेत तोवर हो म्हणत राहू. पुढचं पुढे. तेव्हा ही दोन दिवस आदळआपट करेल आणि गप्प बसेल, मी ओळखतो हिला. वाचून झालं की पुसून टाक. नको, राहू दे, तू नंतर म्हणशील. सकाळी मीच पुसतो.'"

माझा आभाराचा मेल त्याच्या खाली होता. दोघांच्या मध्ये काहीच नव्हतं.

  गंमत अशी की पहिल्यांदा माझं लक्ष नंतररावांकडे गेलं. मला वाटलं हसत असतील. हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क माझ्याबद्दल कणव होती. ती मला सगळ्यात जास्त झोंबली. ज्याची साल काढायला निघाले होते, तो मला फुंकर घालायला बघत होता.

ह्यांच्याकडे मी बघितलंच नाही. मला त्या क्षणी राग येत नव्हता, लाज वाटत होती. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा, तोही वाजतगाजत, सगळ्यांना बोलावून. मी रोज रात्री ज्या माणसाला सांगायची, बाबांनी आज अर्धी पोळी खाल्ली, बाबा आज हसले, तो ते ऐकताना काय हिशेब करत होता? बाई म्हणाली होती, एकेक करून बदला. एकेक केले असते तर हा मेल तिथंच पुरलेला राहिला असता आणि मी सुखात सूड घेतला असता.

"संपलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"संपलं."

"खोली सूनबाईची. त्यात आता कोणी तोंड घालायचं नाही." मग त्यांनी आपली खुर्ची माझ्याकडे वळवली. "आणखी काय हवंय तुला? माग. आज मी देणार."

"आत्या, तेव्हा परिस्थिती तशी होती," हे मध्येच म्हणाले. "बाबांना कुठं ठेवायचं, कोण बघणार, मी पार गोंधळून..."

"थोरल्या, तुला मी विचारलं नाही."

आणि तेव्हा राग परत आला. देवाची कृपा, तो परत आला, नाहीतर मी तिथं रडले असते. आठवडाभर मी तो एका माणसासाठी शिजवत ठेवला होता. आता ताट फक्त दुसऱ्यापुढे सरकवायचं होतं.

"मला हे खाली नकोत," मी म्हटलं. "खालचं घर मला द्या. ह्यांना वर पाठवा. दोघांनी मिळून मेल लिहिले, आता दोघांनी मिळून राहावं."

नंतररावांची कणव जागच्या जागी आटली. "वर? आमच्याकडे कुठंय जागा? म्हणजे, बघू ना, नंतर काहीतरी..."

"आत्ता," आत्याबाई म्हणाल्या. "ते बोळातलं यंत्र विकून टाक. तिथं नाही, वर नाही, कुठंच नको. आणि वर जागा करून भावाची खाट लाव."

जाऊबाईने डोक्याला हात लावला. मला तिची दया आली, पण थोडीच. रंग विचारायला आली होती ना.

सूड गोड लागतो की नाही यावर लोक बरंच काही बोलतात. मला तो गोड लागला. ह्यांचे शर्ट मी हँगरसकट काढले आणि पलंगावर टाकले. दाढीचं सामान, चष्म्याची डबी, सांध्यांची मलमं, सगळं एका बॅगेत कोंबलं. चेन लागेना तेव्हा गुडघा ठेवून लावली. हे दारात उभे राहून बघत होते. आत्याबाई बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होत्या, किंवा वाचल्यासारखं करत होत्या.

मी बॅग जिन्याच्या पहिल्या पायरीवर नेऊन ठेवली. हे उशी काखेत धरून आले. एवढा मोठा माणूस, सहलीला निघालेल्या पोरासारखा दिसत होता. अशा वेळी मला नेहमी हसू यायचं.

"मी वाईट हेतूने नाही केलं गं," हे हळू आवाजात म्हणाले. "तू नाही म्हणाली असतीस तर? बाबांचं कोण करणार होतं? मला धाकट्याचा भरवसा नव्हता, माझा स्वतःचाही नव्हता. म्हणून म्हटलं, काहीतरी दिलं तर तू करशील."

"तुम्ही मला विचारलं होतंत का?"

"काय?"

"'बाबांचं करशील का?' एवढं. एकदा तरी विचारलं होतंत?"

ह्यांनी मान हलवली. नाही.

"विचारलं असतं तर हो म्हटलं असतं," मी म्हटलं. "खोली नसती तरी केलं असतं. मला आवडायचे ते."

 हे वळले आणि बॅग उचलून जिना चढायला लागले. मध्यावर काखेतली उशी निसटली आणि पायऱ्यांवरून घरंगळत माझ्या पायाशी आली. हे थांबले, वाट बघत राहिले. मी ती उचलून दिली नाही.